अठरा वाड्या, सहाशे बारा मुलं

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
१७ जानेवारी २००५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकली असशील. पाकिटावरचं अक्षर ओळखून, उघडावं की नाही असाही विचार केला असशील. उघडलंस म्हणून तर हे वाचते आहेस. तेवढ्यावर मी खूश आहे.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. गणेशवाडीच्या फुलबाजारात कलाबाई अजून त्याच कोपऱ्यावर बसतात. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "मॅडम, आमची दीपा तिकडं हैदराबादेला लय मोठ्या कामावर हे. पोरांच्या खान्यापिन्याचंच काहीतरी मोजती." आणि शेवंतीचा एक गजरा जास्तीचा बांधून दिला. माझं नाव ऐकून त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. तेव्हा तू घरी काही सांगितलेलं नाहीस असं मी धरून चालले, आणि मनातल्या मनात तुझे आभार मानले.

इथलं सगळं ठीक. थंडी यंदा कडक आहे. पिंपळगावकडचे बागाईतदार पहाटे शेकोट्या करून द्राक्षं जपताहेत असं पेपरात येतं. मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ते रोज बरोबर सात मिनिटं मागे पडतं. सांख्यिकीच्या बाईला भेट म्हणून याहून योग्य काय असणार? निदान चूक ठरलेली तरी आहे.

बाळाजीदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, या वयातही रोज सकाळी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायला जातो. त्याच्या चोपड्या मी सध्या नव्याने बांधून ठेवते आहे. तुला एकदा दाखवल्या होत्या, आठवतं? पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या यात्रेकरूंची नावं. तू तेव्हा विचारलं होतंस की एवढ्या नावांतून एक माणूस सापडतो कसा. दादा म्हणाला होता, "आमच्याकडे माणूस एकटा नोंदवतच नाहीत. आधी गाव, मग कूळ, मग घर, मग तो."

आता कामाचं बोलते. माझ्या ओळखीच्या एका बाईंपुढे एक जुना डेटा आला आहे आणि त्यांनी मला सल्ला विचारला आहे. अठरा अंगणवाड्या, सहाशे बारा मुलं. प्रत्येक मुलाची वजनावरून ठरवलेली श्रेणी: साधारण, मग पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. जितकी वरची श्रेणी, तितकं कुपोषण जास्त. मूळ वजनांची रजिस्टरं आता कुठेच नाहीत, फक्त श्रेण्या उरल्या आहेत. श्रेण्यांना क्रम आहे, पण मोजता येईल असं अंतर नाही, तेव्हा सरासरी काढून मोकळं होता येत नाही. शिवाय एका अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असणार. त्यामुळे सहाशे बारा मुलं म्हणजे सहाशे बारा सुटी निरीक्षणं असंही म्हणता येत नाही. तुला हे सांगायला नको. मी स्वतःलाच पुन्हा वाचून दाखवते आहे.

मला तीन वाटा दिसतात. पहिली जुनी: तिसरी-चौथी श्रेणी म्हणजे 'तीव्र', बाकी 'तीव्र नाही', असे दोन ढीग करायचे आणि काय-स्क्वेअर चाचणी लावायची. ती मी बाद धरते. दुसरी, सगळ्या वाड्या मिळून सरासरीने काय दिसतं ते सांगणारी आणि गटांमुळे येणारी चूक मागाहून दुरुस्त करून घेणारी. तिला गट भरपूर लागतात. अठरा पुरतील का, शंका आहे. तिसरी, प्रत्येक वाडीला तिची स्वतःची चढउताराची जागा देणारी. तिथेही एक गृहीतक पोटात आहेच, की श्रेण्यांमधल्या सगळ्या सीमारेषांवर फरक सारखाच पडतो. ते इथे टिकेल की नाही, मला सांगता येत नाही. अशा मॉडेलचा प्रोग्रॅम माझ्याकडे नाही आणि हे लिहिताना जाणवतं की शिकवायचं सोडून मला फक्त सहा महिने झाले आहेत, शिकायचं मात्र फार आधीच सोडलं होतं.

तू यातली कोणती वाट धरशील? उत्तर सवडीने दे. मात्र मार्चच्या आत दिलंस तर बरं होईल.

तुझी,
सुमेधा गायधनी मॅडम


पंचवटी, नाशिक
११ फेब्रुवारी २००५

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दीड पान, आणि त्यात उत्तर एकही नाही, दोन प्रश्न! मी परीक्षेत तुला असे गुण दिले नसते. पण प्रश्न इतके नेमके आहेत की दोन दिवस मी देवघरासमोरून जाताना सुद्धा मान खाली घालून गेले.

तुझा पहिला प्रश्न: "तुमच्या बाईंना सगळ्या वाड्यांची सरासरी हवी आहे, की त्यातल्या एका वाडीबद्दल काही म्हणायचं आहे? पद्धत त्यावर ठरेल."

दुसरा: "हा डेटा मी ओळखते का?"

ओळखतेस. तूच तो फॉर्मवरून कॉलेजच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर चढवला होतास, १९९६ च्या मे महिन्यात, पंखा बंद असताना. ओळखीच्या बाई वगैरे कोणी नाही. ती बाई मीच. आणि सरासरी नको आहे. एका वाडीबद्दल म्हणायचं आहे. करवंदवाडीबद्दल.

मी तुला जे घडलं ते घडलं तसं लिहिते, कारण तू त्या खोलीतून उठून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नसेल.

प्रकल्प कार्यालयाच्या साहेबांना संशय होता की करवंदवाडीची अंगणवाडी सेविका, चांगुणा, श्रेण्या वाढवून लिहिते. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या मुलाला दुप्पट आहार मिळतो. तो ती घरी नेत असावी, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या सतरा वाड्यांत पाचशे शहात्तर मुलांमागे फक्त एकोणतीस तीव्र कुपोषित, शंभरात पाच. चांगुणाकडे छत्तिसांपैकी अकरा. साहेबांनी विचारलं, "मॅडम, असं आपोआप होऊ शकतं का?" मी पाच मिनिटांत पाठीमागच्या कागदावर गणित केलं. प्रत्येक मूल सुटं धरलं. उत्तर आलं दहा लाखांत एकदासुद्धा नाही.

तेव्हा तू म्हणालीस, "मॅडम, ही मुलं सुटी नाहीत, एका वाडीतली आहेत. आमच्या शेवंतीवर रोग पडला तर एका वाफ्यातल्या शंभर रोपांवर पडतो. म्हणून शंभर वेळा रोग आला असं आम्ही नाही म्हणत. एकदा आला म्हणतो."

आणि मी, चहाचा कप हातात धरून, साहेबांसमोर म्हणाले, "दीपमाला, तुला फुलं मोजायची सवय आहे. माणसं मोजायची अजून शिकायची आहे."

साहेब हसले. मीही हसले. तू वही बंद केलीस आणि उठून गेलीस. जूनमध्ये तुझं पीएच.डी. सोडत असल्याचं पत्र आलं, कौटुंबिक कारणास्तव. मी त्यावर 'मंजुरीस हरकत नाही' असं लिहिलं.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तेव्हा आपल्याकडे पद्धत नव्हती, मासिकं पुण्याला जाऊन वाचावी लागत. ते खोटं आहे. पद्धत नव्हती हे खरं, पण साधे अठरा आकडे एका कागदावर एकाखाली एक मांडले असते, प्रत्येक वाडीचा एक, तरी दिसलं असतं की वाड्यावाड्यांत केवढा फरक आहे. त्याला मॉडेल लागत नव्हतं. त्याला तुझं ऐकून घेणं पुरलं असतं. मी ऐकलं नाही, कारण बरोबर तू होतीस आणि साहेब माझ्याकडे बघत होते. माझा अहंकार, दुसरं काही नाही. मला त्याची लाज वाटते. हे वाक्य मी नऊ वर्षं मनात लिहिते आहे, कागदावर आज उतरलं.

माझ्या सहीच्या नोटवर चांगुणाला कामावरून कमी केलं. ती नऊ वर्षं अर्ज करते आहे. गेल्या डिसेंबरात कार्यालयात नवीन अधिकारी बाई आल्या, तरुण आहेत, फाइल वरून खाली वाचतात. त्यांनी मला पत्र पाठवून एवढंच विचारलं: "आपले हे मत आजही कायम आहे काय?" सुनावणी ३१ मार्चला आहे. चांगुणा आता त्रेपन्न वर्षांची आहे. या वेळी अर्ज फेटाळला तर पुढचा अर्ज करायला वय उरणार नाही.

त्यांनी फाइलच्या काही पानांच्या प्रती सोबत दिल्या. त्यातून एक कळलं. चांगुणाला काढल्यावर नवीन सेविका नेमेपर्यंत करवंदवाडीची अंगणवाडी चार महिने बंद होती. त्या श्रावणात तिथलं एक मूल गेलं. वाळू नाव, अडीच वर्षांचा. मी आपल्या यादीत शोधलं. अनुक्रमांक एकतीस, श्रेणी चौथी. त्या नोटमध्ये मी ज्या अकरा नोंदी 'कृत्रिम असाव्यात' असं लिहिलं, त्यातली ती एक.

तो माझ्या कागदामुळे गेला की अंगणवाडी उघडी असती तरी गेला असता, हे कुठल्याही पद्धतीने सिद्ध होणार नाही. मी ते सिद्ध करायला तुला सांगत नाहीये. फक्त हे माहीत असताना तुझ्यापासून लपवून तुझ्याकडून गणित करून घेणं मला जमलं नाही.

डेटाची फ्लॉपी आणि छापील यादी दोन्ही सोबत आहे. करायचं नसेल तर परत पाठव. मी समजेन.

सुमेधा गायधनी


पंचवटी, नाशिक
२४ मार्च २००५

प्रिय दीपमाला,

तुझं पाकीट एकोणीस तारखेला मिळालं. नऊ पानं, आकृत्यांसह. मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा शिक्षिका म्हणून चुका शोधत, दुसऱ्यांदा विद्यार्थिनी म्हणून पेन्सिल घेऊन, तिसऱ्यांदा नुसतीच.

तू तिसरी वाट धरलीस, प्रत्येक वाडीला तिची जागा देणारी, आणि कारणही दिलंस: सरासरीची पद्धत अठरा गटांवर स्वतःबद्दल फाजील खात्री दाखवते, आणि आपला प्रश्न तर सरासरीचा नाहीच. तुझ्या मॉडेलात करवंदवाडीसारखी वाडी दहा लाखांत एक नाही. अशा वीस-पंचवीस वाड्यांत एखादी निघतेच. आपल्याकडे अठरा होत्या, त्यात एक निघाली. बस्स. एवढ्यासाठी एका बाईची नऊ वर्षं गेली.

पण मला धक्का दिला तो तुझ्या सातव्या पानाने. मी श्रेण्यांचे दोन ढीग केले होते ना, तू ते केले नाहीस. पाचही श्रेण्या तशाच ठेवून प्रत्येक सीमारेषेवर वेगळं बघितलंस. 'साधारण' या रेषेच्या खाली करवंदवाडीत शंभरातली त्र्याऐंशी मुलं, बाकीच्या वाड्यांत सत्याहत्तर. जवळजवळ सारखंच. दुसऱ्या श्रेणीच्या रेषेवर अठ्ठावन्न आणि चव्वेचाळीस. अजूनही फार दूर नाही. आणि तिसऱ्या रेषेवर एकदम एकतीस आणि पाच! म्हणजे करवंदवाडीची मुलं इतरांपेक्षा थोडीच अधिक अशक्त होती. इतर वाड्यांतली मुलं मात्र दुसऱ्या श्रेणीपर्यंत भराभर उतरत येतात आणि तिसरीच्या दारात जणू कोणीतरी थांबवल्यासारखी थांबतात. जी रेषा ओलांडली की वरून विचारणा होते, खुलासा द्यावा लागतो, नेमक्या त्याच रेषेवर.

मी खुर्चीतून उठलेच. त्याच दुपारी नोट लिहून काढली. चांगुणाच्या नोंदी खऱ्या, बाकीच्या सतरा सेविकांनी श्रेण्या खाली दाबल्या, असं ठणकावून लिहिलं. सही करणार, एवढ्यात तुझं शेवटचं पान आठवलं, जे घाईत नीट वाचलं नव्हतं. तू लिहिलं होतंस:

"मॅडम, नोटमध्ये बाकीच्या सतरा जणींबद्दल एक शब्दही लिहू नका. मुलं तिसऱ्या रेषेवर का थांबतात याचं कारण या आकड्यांत नाही. काटे खराब असतील, वजन आधीच्या महिन्याचं उतरवलं असेल, तीव्र मुलं त्या दिवशी दवाखान्यात असतील. आपल्याला आणखी सतरा चांगुणा करायच्या नाहीत."

दीपमाला, मी खाली बसले. नऊ वर्षांपूर्वी जे केलं तेच मी पुन्हा करायला निघाले होते, फक्त या वेळी भारी मॉडेल हाताशी घेऊन.

ती नोट फाडावीशी वाटली. दादा बाजूला बसला होता, म्हणाला, "आपल्या घरी पान फाडत नाहीत." ते खरं आहे. चोपडीत नोंद चुकली तर आमच्याकडे खरवडत नाहीत, पानही काढत नाहीत. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते, आणि ज्याची चूक त्याचीच सही. मग मी १९९६ च्या नोटची प्रत काढली, 'दहा लाखांत एक' या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं की ही गणना चूक होती, एका वाडीतली मुलं सुटी धरल्यामुळे, आणि या आकड्यांवरून श्रीमती चांगुणा यांच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. सतरा जणींबद्दल एक अक्षर नाही. सोबत तुझी नऊ पानं.

पण ते पाठवण्याआधी वाटलं, जिच्याबद्दल दोनदा लिहिलं तिला एकदा बघावं तरी. मंगळवारी गेले. घोटीपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा अर्धा तास पायी. दोन्ही बाजूला करवंदीची जाळी, पांढरी फुलं आलेली. नाशिकहून सगळे मिळून पावणेतीन तास. हे अंतर मी आजवर कधी मोजलं नव्हतं.

चांगुणा ओट्यावर नागली पाखडत होती. उंच, काटक बाई, डोळे माझ्यावर स्थिर. मी कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

मी नवीन नोट वाचून दाखवली. जुनीही. ती म्हणाली, "म्हंजी तवा तुमी असं लिवलं व्हतं का, का धा लाख वाड्या फिरल्या तं एकीत असं सापडंल?"

"हो."

"आन् फिरल्या किती?"

"एकही नाही."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मी तवाच सायबांला सांगत व्हते. पोरं एका झिऱ्याचं पानी पित्यात. त्या साली एकाच हप्त्यात समद्यांला गोवर निघाला. वजनं उतरनारच. मी वाढवून कशाला लिवू? मला वाटायचं, काटा जे बोलतोय ते लिवलं नाय, तं वरून कुनी बघायला कसं येनार?" मग म्हणाली, "तुमी एकदा आल्या असत्या तं बाई, मी झिऱ्यावर नेऊन दावलं असतं."

एवढंच. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी झाले असते.

वाळूचं घर तिनेच दाखवलं. आम्ही आत गेलो नाही. त्याची आई शेतावर होती.

आता तुला विचारायचं ते. नोटमध्ये एक वाक्य घालते आहे: 'ही चूक त्याच वेळी माझी विद्यार्थिनी कु. दीपमाला हिने दाखवून दिली होती. मी तिचे ऐकले नाही.' तुझं नाव घालू का? नको असेल तर 'एका विद्यार्थिनीने' लिहीन. तीस तारखेपर्यंत फोन कर, बाळाजीदादाचा नंबर खाली दिला आहे.

तुझ्या पत्रात त्या फुलांच्या वाक्याबद्दल काही नाही. उलट टपाली काही यावं अशी माझी अपेक्षाही नाही. ते वाक्य माझ्याजवळच राहू दे.

सुमेधा


करवंदवाडी, ता. इगतपुरी
१२ जुलै २००५

प्रिय दीपमाला,

वरचा पत्ता बघून गोंधळू नकोस. आज इथेच आहे, अंगणवाडीच्या ओसरीत. पाऊस असा लागलाय की समोरचं घर दिसत नाही आणि परतीची जीप चारशिवाय नाही. म्हणून कागद काढला.

निकालाचं तुला फोनवर कळलंच होतं. लेखी आदेश जूनच्या शेवटी निघाला. चांगुणावरचा शेरा रद्द, आणि इथली सेविका बदलीवर गेल्यामुळे तिला तिची जुनीच अंगणवाडी परत. मधली नऊ वर्षं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, असं अधिकारी बाईंनीच मला खाली मान घालून सांगितलं. चुकीच्या ओळीवर रेघ मारता येते, पण गेलेल्या वर्षांना शेजारी लिहायला जागा नसते.

सुनावणीत मला तोंडी विचारल्यावर मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. "माझं पूर्ण नाव घाला मॅडम, आईचंही," हे तू फोनवर म्हणालीस, म्हणून 'दीपमाला, कलाबाईंची मुलगी' असं मी मुद्दाम म्हटलं. लिहून घेणाऱ्या कारकुनाने वर बघितलं, आणि लिहिलं.

कलाबाईंवरून आठवलं. गेल्या आठवड्यात बाजारात गेले होते. वाटलं, आता त्यांना मीच सांगायला हवं. फुलांच्या टोपलीशेजारी उकिडवी बसले आणि मी तुला काय बोलले होते ते शब्दशः सांगितलं. त्यांचे हात गजरा करत राहिले. म्हणाल्या, "मला ठाऊक हे मॅडम. पोरगी त्या दिशी घरी आली, तीन दिवस फुलांला हात लावंना. आमी काय समजायचं ते समजलो."

मी विचारलं, "मग जानेवारीत मला जास्तीचा गजरा का दिलात?"

"तुमी दारी आल्या व्हत्या ना," एवढंच म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून धरून चालले होते की तू काही सांगितलं नाहीस. एका निरीक्षणावरून निष्कर्ष, आणि तोही स्वतःला सोयीचा. बघ, खोड अजून गेलेली नाही. आणि दीपमाला, त्या तीन दिवसांबद्दल मला क्षमा कर. मागच्या पत्रात लिहिलं होतं की अपेक्षा नाही. तो मानभावीपणा होता. मला ती हवी आहे. देण्याची घाई मात्र करू नकोस.

आज वजनाचा दिवस आहे. चांगुणाचा पहिला. तिनेच निरोप धाडला होता, "बाईंला म्हनावं या." आढ्याला काटा टांगला, त्याला झोळी, झोळीत एकेक मूल. चांगुणा आकडा सांगणार आणि मी रजिस्टरात लिहिणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. सहाशे बारा मुलांच्या श्रेण्या मी आयुष्यात वापरल्या, पण एकाही मुलाला वजनाला बसताना पाहिलं नव्हतं. ती रडतात, दीपमाला. पाय झाडतात. काटा इतका नाचतो की आकडा कुठला घ्यावा कळत नाही.

तिसऱ्याच मुलाला मी घाई केली. काटा साडेआठ आणि नऊच्या मधे हेलकावत होता, बाहेर रांग होती. मी म्हटलं, "नऊ धरू का?"

चांगुणाने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. एक हात झोळीखाली, न टेकवता. "थांबा. पोरगं निवू द्या. काटा थांबू द्या." आम्ही थांबलो. पोर थकून गप्प झालं आणि तिच्याकडे बघायला लागलं. काटा स्थिर झाला.

"साडेआठ," ती म्हणाली. "तेवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. बारापर्यंत एकतीस मुलं झाली. एकतीस हा यादीतला वाळूचा क्रमांक; ते नाव लिहिताना माझा हात जरा थांबला. चांगुणाने ओळखलं असावं. तिने मुलाचं नाव पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, एवढंच. तिसऱ्या श्रेणीत सात निघाली, चौथीत एक. संध्याकाळी हा कागद वर जाईल आणि कोणीतरी बघायला येईल. चौथीतल्या मुलीला दवाखान्यात न्यायला मी जीपमध्ये जागा धरली आहे, तिची आई आणि ती माझ्याबरोबरच येतील. पावणेतीन तासांचा रस्ता आता मला पाठ आहे.

पाऊस जरा उघडला. चांगुणा हाक मारते आहे, दोन मुलं उशिरा आलीत. रजिस्टर उघडते.

सांगितलेलं ऐकून तेवढंच लिहायला शिकत असलेली,
सुमेधा